इगर्जी आणि गेरेझा

मोंबासात राहत असताना माझे स्वाहिलीचे गुरू होते जुन्या शहरातल्या गल्लीतली मुले. व्यवहार रोखठोक: त्यांनी एक शब्द द्यायचा, मी मराठीतला एक परत करायचा. पण कितीतरी माल दोन्ही घरांत आधीच होता. त्यांचे ‘ननासी’ म्हणजे आपले अननस, ‘पेरा’ म्हणजे पेरू, ‘दारुबिनी’ म्हणजे दुर्बीण. मी त्यांचेच शब्द त्यांना परत देतो, असा मुलांचा गलका होई.

दुर्बीण फारसीतली. अननस आणि पेरू ही मुळची अमेरिकेतली फळे. ती पोर्तुगीज गलबतांतून दोन्ही किनाऱ्यांना लागली. मोंबासाचा फोर्ट जीझस पोर्तुगीजांनी १५९३ मध्ये बांधायला घेतला. त्याचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चाले. १६९८ मध्ये, जवळजवळ तीन वर्षांच्या वेढ्यानंतर, तो ओमानच्या अरबांनी घेतला.

एका मुलाने मला ‘गेरेझा’ हा शब्द दिला. अर्थ: तुरुंग. त्याचे मूळ पोर्तुगीज ‘इग्रेजा’, म्हणजे चर्च. गोव्यातली इगर्जी ती हीच. ब्रिटिशांनीही १८९५ ते १९५८ या किल्ल्याचा तुरुंगच केला होता.

गोव्यात हा शब्द प्रार्थनेपाशी राहिला. इथे कोठडीपाशी गेला. बांधणाऱ्यांनी भिंतींना दिलेले नाव लोकांनी ठेवले; अर्थ मात्र आपल्या अनुभवाचा भरला. हा इतिहास मला कोणत्याही सनावळीआधी त्या मुलाने सांगितला, एका शब्दात.