फ्लूची लस आणि तिचे दुष्परिणाम

इन्फ्लुएन्झा अर्थात फ्लूची प्रतिबंधक लस घेतल्यानंतर दंड दुखणे, अंगात कणकण वाटणे, डोके जड होणे अशा तक्रारी अनेकांना जाणवतात. लस घेतली आणि त्यामुळेच फ्लू झाला, असा समजही सर्वत्र आढळतो. यातील बहुतेक तक्रारी एक ते दोन दिवसांत आपोआप ओसरतात. गंभीर दुष्परिणाम अत्यंत विरळ असले, तरी ते घडतात, हेही वैद्यकशास्त्राने नाकारलेले नाही. त्यामुळे कोणते लक्षण स्वाभाविक आणि कोणत्या लक्षणासाठी तातडीने रुग्णालय गाठावे, हे लस घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असणे आवश्यक आहे.

सर्वसाधारण लक्षणे

सुई टोचलेल्या जागी दुखणे, लाली येणे आणि किंचित सूज येणे हा या लसीचा सर्वाधिक आढळणारा परिणाम होय. काही जणांना सौम्य ताप, डोकेदुखी, स्नायूदुखी, थकवा किंवा मळमळ जाणवते. विशेषतः ज्या लहान मुलांना ही लस प्रथमच दिली जाते, त्यांच्यात ताप येण्याचे प्रमाण तुलनेने अधिक असते. लस टोचल्यानंतर साधारणतः ६ ते १२ तासांत ही लक्षणे सुरू होतात. शरीरातील रोगप्रतिकारक यंत्रणा लसीतील घटकांना प्रतिसाद देत असल्याची ती खूण असते. तथापि असा त्रास झाला नाही, म्हणजे लस निष्प्रभ ठरली, असे समजण्याचे कारण नाही.

नाकात फवारल्या जाणाऱ्या लसीनंतर नाक वाहणे, नाक चोंदणे, घसा खवखवणे अशा तक्रारी होऊ शकतात. या लसीत विषाणू जिवंत, परंतु दुर्बल केलेले असतात. म्हणूनच गर्भवती महिला आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांना ती दिली जात नाही.

लसीमुळे फ्लू होतो काय?

टोचून दिल्या जाणाऱ्या लसीत विषाणू निष्क्रिय केलेले असतात किंवा त्यांचा केवळ काही अंश असतो. असा विषाणू शरीरात वाढू शकत नाही, त्यामुळे या लसीपासून फ्लू होणे शक्य नाही.

अमेरिकेत १९९४-९५ च्या हंगामात निरोगी, नोकरदार प्रौढांवर झालेल्या एका चाचणीत काहींना खरी लस, तर काहींना केवळ औषधविरहित द्रव टोचण्यात आला. कोणाला काय मिळाले, हे सहभागी व्यक्तींना ठाऊक नव्हते. लस मिळालेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के, तर औषधविरहित द्रव मिळालेल्यांपैकी सुमारे २४ टक्के लोकांनी दंड दुखल्याचे सांगितले. ताप, अंगदुखी, थकवा यांसारख्या तक्रारींच्या बाबतीत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

मग लसीनंतर आजारी पडणाऱ्यांचे काय? पुरेशी प्रतिपिंडे तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. या काळात विषाणूशी संपर्क आल्यास फ्लू होऊ शकतो. सर्दी-पडशाच्या इतर अनेक विषाणूंवर ही लस काम करीत नाही. शिवाय लस घेतल्यानंतरही काही जणांना फ्लू होतोच. मात्र आजाराची तीव्रता बहुधा कमी राहते.

तातडीने उपचार केव्हा?

सर्वात तातडीचा धोका तीव्र ॲलर्जीचा. दहा लाख मात्रांमागे साधारण एक, इतके तिचे प्रमाण आहे. श्वास घेण्यास त्रास, आवाज बसणे, ओठ, चेहरा किंवा घशाला सूज, अंगभर गांधी उठणे, हृदयाचे ठोके वाढणे आणि भोवळ येणे ही तिची लक्षणे होत. ती बहुधा लस घेतल्यानंतर काही मिनिटांत दिसतात आणि ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन तत्काळ दिल्यास रुग्ण वाचतो. लसीकरणानंतर अर्धा तास केंद्रातच थांबण्यास सांगितले जाते, ते याचसाठी.

दुसरा विरळ दुष्परिणाम म्हणजे गुइलेन बॅरे सिंड्रोम अर्थात जीबीएस. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. पायांत मुंग्या येतात, अशक्तपणा वाटतो आणि तो वरच्या दिशेने पसरत जातो. लसीशी त्याचा संबंध असलाच, तर दहा लाख मात्रांमागे एक किंवा दोन अतिरिक्त रुग्ण, असे त्याचे प्रमाण मानले जाते. प्रत्यक्ष फ्लूच्या संसर्गानंतर जीबीएस होण्याचा धोका याहून अधिक असतो. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये या आजाराचे अनेक रुग्ण आढळले, तेव्हा तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूच्या संसर्गाचे धागेदोरे मिळाले होते. त्या उद्रेकाचा फ्लूच्या लसीशी संबंध नव्हता.

इतिहासातील तीन प्रसंग

अमेरिकेत १९७६ च्या प्रारंभी न्यू जर्सीतील फोर्ट डिक्स लष्करी तळावर स्वाइन फ्लूचा उद्रेक झाला. मोठ्या साथीच्या भीतीने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये देशव्यापी लसीकरण सुरू झाले आणि चार कोटींहून अधिक लोकांना लस देण्यात आली. अपेक्षित साथ आलीच नाही; मात्र जीबीएसचे रुग्ण वाढल्याचे दिसून आले. दर एक लाख व्यक्तींमागे सुमारे एक अतिरिक्त रुग्ण, असे ते प्रमाण होते. डिसेंबर १९७६ मध्ये ही मोहीम थांबविण्यात आली.

ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये एका कंपनीच्या हंगामी लसीनंतर लहान मुलांना तीव्र ताप आणि आकडी येण्याच्या घटना वाढल्या. परिणामी पाच वर्षांखालील मुलांचे फ्लू लसीकरण काही काळ स्थगित करण्यात आले. त्याच वर्षी स्वीडन आणि फिनलंड येथे पॅन्डेमरिक्स या साथकालीन लसीनंतर काही मुले व किशोरवयीनांमध्ये नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा विकार, आढळला. ती लस आता वापरात नाही.

हे तिन्ही धोके उघड झाले, ते दुष्परिणामांची नोंद झाली म्हणून. किरकोळ वाटणाऱ्या तक्रारीचीही नोंद का महत्त्वाची असते, हे त्यावरून स्पष्ट होते.

भारतातील स्थिती

देशात २००९ च्या साथीतील स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू त्या वर्षी ३ ऑगस्ट रोजी पुण्यात नोंदविला गेला. त्यानंतर २०१० मध्ये झायडस कॅडिलाची टोचून दिली जाणारी लस आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नाकावाटे दिली जाणारी नेझोव्हॅक ही लस उपलब्ध झाली. फ्लूची लस राष्ट्रीय सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात समाविष्ट नाही. गर्भवती महिला, ज्येष्ठ नागरिक, दमा, मधुमेह किंवा हृदयविकाराचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना ती घेण्याचा सल्ला प्रामुख्याने दिला जातो. विषाणू सतत बदलत असल्याने ही लस दरवर्षी घ्यावी लागते.

कोणती काळजी घ्यावी?

* पूर्वी फ्लूच्या लसीची तीव्र ॲलर्जी झाली असल्यास किंवा लसीनंतर सहा आठवड्यांत जीबीएस झाला असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.
* बहुतेक लसी कोंबडीच्या अंड्यांत तयार केल्या जातात. अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी तशी कल्पना द्यावी. परंतु केवळ त्या कारणास्तव लस टाळण्याची गरज सहसा नसते.
* अंगात ताप असल्यास लस केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांना विचारावे.
* दंड दुखत असल्यास थंड पाण्याची पट्टी ठेवावी आणि हाताची हालचाल सुरू ठेवावी. ताप आल्यास वयानुसार योग्य मात्रेत पॅरासिटामॉल घेता येते. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ॲस्पिरिन देऊ नये.
* ताप दोन-तीन दिवसांहून अधिक राहिल्यास, मुलाला आकडी आल्यास अथवा हातापायांतील शक्ती कमी होत असल्यास विलंब न लावता रुग्णालयात जावे.
* लसीचे नाव, बॅच क्रमांक आणि तारीख लिहून ठेवावी. दुष्परिणामाची माहिती लस देणाऱ्या डॉक्टरांना किंवा आरोग्य केंद्राला द्यावी. केंद्र सरकारच्या औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर रुग्णालाही स्वतः नोंद करता येते.