थायरॉईड, वजन आणि ताटातलं औषध

दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीने, आपाने, थायरॉईडची गोळी बंद केली. कुणाला विचारलं नाही, सांगितलंही नाही. मोबाइलवर आलेल्या एका संदेशात लिहिलं होतं की, अमुक पदार्थ सोडा, तमुक पाणी प्या, थायरॉईड मुळापासून बरा होतो आणि वजन झरझर उतरतं. आपाने कोबी, फ्लॉवर, गहू, दूध सगळं सोडलं आणि साध्या मिठाऐवजी सैंधव आणलं. तीन महिन्यांनी भेटलो तेव्हा तिचा चेहरा सुजलेला होता, आवाज घोगरा झाला होता आणि मे महिन्यात ती अंगावर शाल घेऊन बसली होती. वजन उतरलं नव्हतं, उलट वाढलं होतं.

"आपा, तुम्ही गोळी का सोडली?" मी विचारलं.

"अरे, एवढे लोक सांगतात खाण्याने बरं होतं म्हणून. सगळे खोटं बोलतील का?"

प्रश्न चुकीचा नव्हता. सगळे खोटं बोलत नाहीत. खाण्याने हा आजार बरा होतो, ही समजूत हवेतून आलेली नाही, तिच्यामागे खरा इतिहास आहे. फक्त तो इतिहास अर्धाच सांगितला जातो. उरलेला अर्धा इथे मांडतो.

थायरॉईड, म्हणजे अवटू ग्रंथी, गळ्यात समोरच्या बाजूला असते. ती नेमकं काय करते हे माणसाला फार उशिरा कळलं, पण ती सुजली की दिसते. तिलाच आपण गलगंड म्हणतो. चौथ्या शतकात चीनमध्ये गे होंग याने गलगंडावर समुद्री शेवाळ सांगितलं होतं. इसवी सन 1000च्या सुमारास कॉर्डोबाच्या अबुल कासिम अल्-जहरावी यांनी 'अत्-तसरीफ' या ग्रंथात गळ्यातल्या या गाठीवर वेगळं प्रकरण लिहिलं. ही गाठ बायकांमध्ये जास्त आढळते आणि तिच्या एका प्रकाराला हात लावू नये, असं या शल्यवैद्याने नोंदवून ठेवलं आहे. पुढे बाराव्या शतकात ख्वारज्ममध्ये इस्माईल जुरजानी यांनी गळ्याची गाठ आणि बाहेर आलेले डोळे यांचा संबंध जोडला. युरोपात ग्रेव्हज या डॉक्टरांच्या नावाने तो आजार ओळखला गेला तो 1835 नंतर. जुरजानींनी आपला ग्रंथ अरबीऐवजी फारसीत लिहिला, म्हणजे आपल्या भागातल्या माणसांना वाचता येईल अशा भाषेत. शाळेत दोन भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट विशेष वाटते.

समुद्री शेवाळाने गलगंड का उतरतो, याचं उत्तर एकोणिसाव्या शतकात मिळालं. 1811 मध्ये बर्नार्ड कूर्त्वा या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला शेवाळाच्या राखेत एक नवं मूलद्रव्य सापडलं. तेच आयोडीन. 1820 मध्ये जिनिव्हाच्या झाँ-फ्रान्स्वा क्वाँदे या डॉक्टरांनी ते गलगंडाच्या रुग्णांना दिलं. गाठी उतरू लागल्या आणि लोकांची रीघ लागली. पण काही रुग्णांना धडधड होऊ लागली, हात थरथरू लागले आणि ते झपाट्याने वाळले. क्वाँदे यांनी हेही लिहून ठेवलं. म्हणजे थायरॉईडच्या उपायाने वजन उतरल्याची ही सुरुवातीची नोंद खरं तर विषबाधेची आहे.

आता आपाच्या आजाराकडे येऊ. ग्रंथी मंदावली की काय होतं, हे 1873 मध्ये लंडनच्या विल्यम गल यांनी वर्णन केलं. प्रौढ बायका, सुजलेला चेहरा, जड जीभ, संथ हालचाल. 1878 मध्ये विल्यम ऑर्ड यांनी या अवस्थेला मिक्सिडीमा हे नाव दिलं. त्याच काळात स्वित्झर्लंडमध्ये थिओडोर कोखर हे निष्णात सर्जन गलगंडासाठी पूर्ण ग्रंथीच काढून टाकत. 1883 मध्ये त्यांनी आपलेच जुने रुग्ण पुन्हा तपासले, तेव्हा त्यांच्यातले बरेच जण याच अवस्थेत सापडले. आपल्या हातून काय झालं हे कोखर यांनी लपवलं नाही, जाहीर केलं. पुढे 1909 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

ग्रंथी नसल्याने आजार होतो, तर ग्रंथी बाहेरून दिली तर? 1891 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी 46 वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचायला सुरुवात केली. मरणाला टेकलेली ती बाई पुढे 28 वर्षं जगली. तेवढ्या काळात तिला 870हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशोब मरे यांनीच नंतर दिला. 1892 मध्ये एडवर्ड फॉक्स यांनी सुईही बाजूला ठेवली. मेंढीची अर्धी ग्रंथी हलकी तळून, बारीक करून, जेलीबरोबर आठवड्यातून एकदा खायला दिली. रुग्ण सुधारला.

म्हणजे एके काळी या आजाराचं औषध खरोखरच ताटात वाढलं जात होतं. पण ताटात काय होतं ते पाहा. तो कोबी नव्हता की धण्याचं पाणी नव्हतं. शरीरात जे बनत नव्हतं तेच संप्रेरक दुसऱ्या प्राण्याच्या ग्रंथीतून खाल्लं जात होतं. आपाची सकाळची गोळी म्हणजे त्याच ताटाची सुधारलेली आवृत्ती. 1914 च्या नाताळात एडवर्ड केंडल यांनी अमेरिकेत थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. 1927 मध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं. आज सर्रास दिलं जाणारं लेव्होथायरॉक्सिन हे असं रसायनातून बनवलेलं संप्रेरक आहे, ते प्राण्याच्या ग्रंथीतून काढलेलं नसतं. जुन्या ग्रंथीच्या गोळ्यांत डुकराची ग्रंथीही वापरली जाई. त्या ऐकीव गोष्टीमुळे आपल्याकडे काही जणांच्या मनात शंका असते, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

वजनाचं वेड इथूनच सुरू झालं. अर्क दिल्यावर सूज उतरते, वजन घटतं हे डॉक्टरांनी पाहिलं. 1895 मध्ये आडोल्फ माग्नुस-लेव्ही यांनी श्वासातला प्राणवायू मोजून दाखवलं की, ग्रंथी मंदावलेल्या माणसाचं शरीर इंधन कमी जाळतं आणि अर्क दिल्यावर जास्त जाळू लागतं. शोध मोठा होता, पण लगेच हिशोब मांडला गेला की, मग ग्रंथी चांगली असलेल्या लठ्ठ माणसालाही हेच द्यावं. 1890च्या दशकातच लठ्ठपणावर थायरॉईडच्या गोळ्या सुरू झाल्या. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत रंगीबेरंगी गोळ्यांची पाकिटं विकली जाऊ लागली. त्यांत थायरॉईड, उत्तेजक अ‍ॅम्फेटामाइन, हृदयाचं औषध आणि लघवी वाढवणारं औषध असं सगळं एकत्र असे. माणसं दगावली. 1968 मध्ये अमेरिकी सेनेटच्या समितीपुढे त्यावर सुनावणी झाली. आज तिथे थायरॉक्सिनच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापलेला असतो : हे औषध वजन कमी करण्यासाठी नाही.

म्हणून गोळीचा डोस आपल्या मनाने वाढवणं, ही आपाच्या चुकीचीच दुसरी बाजू. एक गोळी सोडतो, दुसरा दुप्पट घेतो. दोघांचंही लक्ष आजाराकडे नसून वजनकाट्याकडे असतं.

तरी आहाराचा प्रश्न उरतोच. आहाराने थायरॉईडचा आजार टळल्याची उदाहरणं इतिहासात आहेत आणि ती थक्क करणारी आहेत. 1917 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात डेव्हिड मरीन आणि किंबॉल यांनी शाळकरी मुलींना आयोडीनयुक्त क्षार दिला. तो घेणाऱ्या 2190 मुलींपैकी 5 जणींना गलगंड झाला, न घेणाऱ्या 2305 जणींपैकी 495 जणींना. 1922 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मिठातून आयोडीन देणं सुरू झालं. आपल्याकडे 1956 पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भागाभागांना वेगवेगळं मीठ पुरवून पाहिलं. आयोडीनचं मीठ मिळालेल्या भागांत गलगंड घटला, साधं मीठ मिळालेल्या भागात तसाच राहिला. 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तो याच पायावर. आज आपल्या किराणा दुकानातल्या पिशवीवर 'आयोडीनयुक्त' लिहिलेलं असतं, त्यामागे कांगड्याची ती गावं आहेत. सैंधवाच्या हौसेपायी घरातून हे मीठ पार हद्दपार करण्याआधी एवढं आठवावं.

पण आयोडीनची कमतरता हा एक आजार आणि आपाचा आजार दुसरा. 1912 मध्ये हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी चार बायकांच्या ग्रंथी तपासून एक वेगळाच विकार नोंदवला. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते, हे 1956 मध्ये सिद्ध झालं. जपान म्हणजे रोजच्या जेवणात समुद्री शेवाळ खाणारा देश. तिथे आयोडीनची ददात नाही, तरीही हा आजार तिथेच ओळखला गेला. जी ग्रंथी आतून झिजत चालली आहे, तिला जास्तीचं आयोडीन देऊन उपयोग नाही. कधी कधी त्याने बिघाड वाढतो.

कोबीची गोष्टही अशीच. 1928 मध्ये अमेरिकेत प्रयोगासाठी पाळलेल्या सशांना गलगंड झाला, कारण त्यांना जवळजवळ फक्त कोबीच खायला मिळत होता. त्यावरून निघालेला पथ्याचा नियम आपाच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला. पण आपण काही ससे नाही. आठवड्यातून दोनदा शिजवलेली कोबीची भाजी खाल्ल्याने ग्रंथी बंद पडत नाही.

मग वजनाचं काय? मंदावलेल्या थायरॉईडमुळे वाढणारं वजन बहुतेकांच्या बाबतीत दोन ते पाच किलोंच्या आसपास असतं आणि त्यातही शरीरात साठलेल्या पाण्याचा आणि क्षारांचा वाटा मोठा. योग्य डोस मिळाला की ते हळूहळू उतरतं. त्यापलीकडचं वजन थायरॉईडच्या खात्यावर टाकता येत नाही. ते इतरांचं जसं कमी होतं तसंच होतं : भात-चपातीचा घास मोजून, डाळ, अंडी, मासे, भाज्या वाढवून, तळण आणि साखरेचा चहा कमी करून आणि रोज चालून. थायरॉईडसाठी म्हणून वेगळं जादूचं ताट नाही. पथ्य खरं आहे ते वेळेचं. गोळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायची, त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-नाश्ता नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर. रमजानमध्ये गोळी सहरीच्या आधी उठून घ्यावी किंवा इफ्तारनंतर तीन-चार तासांनी, झोपताना. यातलं काय जमेल हे महिना सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठरवावं.

आपाची गोळी पुन्हा सुरू झाली. दोन महिन्यांनी आवाज मोकळा झाला, चेहऱ्याची सूज ओसरली. तीन किलो आपोआप गेले. पुढचे चार किलो घालवायला तिला वर्ष लागलं आणि त्यासाठी ती रोज फजरनंतर चालत होती. मध्ये तिला मी मरे यांच्या त्या बाईची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तिला आठशे मेंढ्या लागल्या आणि मी एवढीशी गोळी सोडून बसले होते."