जॅक ट्राइस: कोटाच्या खिशातलं पत्र

'एक होता कार्व्हर' वाचलेल्यांना अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं एम्स हे गाव आठवत असेल. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर तिथल्याच कॉलेजात शिकले. ते गेल्यानंतर पंचवीसेक वर्षांनी, १९२२ मध्ये, तिथे ओहायोहून जॅक ट्राइस आला. विषय पशुपालन. शिकून दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना मदत करायची, असा त्याचा बेत होता. कॉलेजच्या संघात खेळलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू.

अमेरिकन फुटबॉलमध्ये तो टॅकल होता, म्हणजे पुढच्या फळीतला गडी. याच्या हाती चेंडू क्वचितच येतो. समोरच्याला रेटायचं, आपल्या माणसाला वाट करून द्यायची, एवढंच काम. टाळ्या मागच्याला, मार पुढच्याला.

पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात घेत नसत, म्हणून संधी आली ती १९२३ मध्ये. ६ ऑक्टोबरला मिनियापोलिसमध्ये मिनेसोटा विद्यापीठाशी सामना होता. आदल्या रात्री हॉटेलच्या कागदावर त्याने स्वतःसाठीच एक पत्र लिहिलं. आपल्या वंशाची, घराण्याची आणि स्वतःची अब्रू उद्या पणाला लागली आहे, असं त्यात होतं. एकवीस वर्षांच्या मुलाच्या मनावरचं हे ओझं पाहा!

सामन्याच्या पूर्वार्धातच त्याच्या गळपट्टीचं हाड मोडलं. तरी तो खेळत राहिला. तिसऱ्या सत्रात, धावून येणाऱ्यांना अडवायला त्याने अंग झोकून दिलं आणि प्रतिस्पर्धी त्याला तुडवत गेले. मुद्दाम की खेळाच्या भरात, यावर आजही एकमत नाही. मला वाटतं, हेतू सिद्ध होवो न होवो, त्या पत्रातलं दडपण तरी काही कल्पनेतलं नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी प्रवासाला हरकत घेतली नाही. रेल्वेने त्याला एम्सला आणलं आणि ८ ऑक्टोबरला अंतर्गत रक्तस्रावाने तो गेला. ते पत्र त्याच्या कोटाच्या खिशात सापडलं. कॉलेजच्या आवारात जमलेल्या हजारोंसमोर ते वाचून दाखवलं गेलं.

मग जवळजवळ पन्नास वर्षं विस्मरण. जिमखान्यात एक पाटी होती तेवढीच. १९७० च्या दशकात नवं स्टेडियम उभं राहत असताना विद्यार्थ्यांनी त्याला ट्राइसचं नाव द्या, अशी मागणी लावून धरली. १९८४ मध्ये प्रशासनाने तोडगा काढला: नाव फक्त मैदानाला, स्टेडियमला नाही. विद्यार्थ्यांच्या पिढ्या बदलल्या, मागणी बदलली नाही. अखेर १९९७ मध्ये अख्ख्या स्टेडियमला जॅक ट्राइसचं नाव मिळालं. मुख्य संघाकडून तो जेमतेम दोन सामने खेळला होता.