वाण नाही पण गुण लागला : माशीच्या सातव्या पेशीची गोष्ट

पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी चिलटं, म्हणजेच फळमाश्या, जराशा भिंगाखाली धरल्या की त्यांचा लाल डोळा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसतो. त्यात सुमारे 750 छोटे डोळे असतात, आणि प्रत्येकात प्रकाश टिपणाऱ्या आठ पेशी. त्यांना आर-1 ते आर-8 अशी नावं आहेत. यातली सातवी पेशी अतिनील प्रकाश ओळखते आणि सगळ्यात शेवटी तयार होते. प्रश्न साधा होता: ‘तू सातवी हो’ हे तिला सांगतं कोण?

पूर्वी असा समज होता की एका छोट्या डोळ्यातल्या सगळ्या पेशी एकाच पेशीच्या लेकी असतात. म्हणजे कोण काय होणार हे घराण्यावरून ठरतं. 1976 मध्ये कॅलटेकमध्ये डोनाल्ड रेडी, थॉमस हॅन्सन आणि सेमूर बेंझर यांनी हे तपासलं. त्यांनी अशा माश्या घेतल्या, ज्यांच्या डोळ्याचा एक तुकडा लाल आणि एक पांढरा होता. रंग म्हणजे वंशाची खूण. लाल-पांढऱ्याच्या सीमेवर एकाच छोट्या डोळ्यात दोन्ही वंशांच्या पेशी सापडल्या, आणि कुठल्या जागी कोण याला काही नियम नव्हता. म्हणजे घराण्याचा संबंध नाही. मग उरला शेजार!

त्याच वर्षी विल्यम हॅरिस आणि सहकाऱ्यांनी एका विचित्र माशीचं वर्णन केलं. अतिनील आणि हिरवा असे दोन प्रकाश समोर ठेवले तर साधी माशी अतिनीलकडे जाते. ही मात्र हिरव्याकडे गेली. तिच्या डोळ्यात सातवी पेशीच नव्हती. म्हणून त्या जनुकाचं नाव पडलं ‘सेव्हनलेस’. जी पेशी सातवी व्हायची, ती भिंग बनवणारी साधी पेशी होऊन बसत होती.

1987 मध्ये हे जनुक वाचलं गेलं. बेंझर यांच्याकडे काम करणारे, मूळचे भारतातले उत्पल बॅनर्जी या शोधात होते; अर्न्स्ट हाफेन आणि जेराल्ड रुबिन यांचा गटही होता. जनुकातून बनणारं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर निघालं, म्हणजे निरोप ऐकणारा कान. पुढच्याच वर्षी राइंके आणि झिपर्स्की यांनी दाखवलं की बोलणारं तोंड शेजारच्या आठव्या पेशीवर आहे. त्या जनुकाचं नाव ‘ब्राइड ऑफ सेव्हनलेस’. कान इतर पेशींनाही असतो, पण हे तोंड फक्त आठवीला.

आपल्याकडे म्हणतातच ना, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. इथे ते अक्षरशः खरं आहे.

पण कानात पडलेला निरोप पेशीच्या आत पोचतो कसा? रुबिन यांच्या बर्कलीतल्या गटाने एक हुशार युक्ती केली. त्यांनी ‘सेव्हनलेस’ मुद्दाम असं दुबळं केलं की तापमान दीड-दोन अंशांनी वाढलं की सातवी पेशी गायब व्हावी. अशा काठावरच्या माशीत दुसऱ्या एखाद्या जनुकाची मात्रा निम्मी झाली तरी लगेच फरक दिसतो. 1991 मध्ये यातून सात जनुकं हाती आली. त्यातलं एक होतं ‘रास’ आणि दुसरं त्याला चालू करणारं ‘सन ऑफ सेव्हनलेस’.

इथे गोष्ट माशीपुरती राहिली नाही. माणसाच्या अनेक कर्करोगांत रास बिघडून कायमचं ‘चालू’ राहिलेलं असतं हे तेव्हा माहीत होतं. पण त्याचं बटण पेशीबाहेरून कसं दाबलं जातं हे कळत नव्हतं. त्या साखळीच्या मधल्या कड्या जुळवायला माशीच्या डोळ्याने मोठी मदत केली. 2007 मध्ये तर ‘सन ऑफ सेव्हनलेस’च्या मानवी भावंडातला बिघाड नूनन सिंड्रोम या जन्मजात आजाराचं एक कारण म्हणून सापडला.

‘माश्यांच्या डोळ्यांवर कशाला पैसे घालवायचे?’ असं कुणी विचारलं तर मी ही गोष्ट सांगते. 1976 मध्ये माशी हिरव्याकडे का गेली, एवढंच तर त्यांना जाणून घ्यायचं होतं.