सुधाकर, देवदास आणि दोन गायकांचे मृत्यू
(मद्यासक्तीविषयीच्या लोकभाषेचा एक ऐतिहासिक विचार)

एखादा लोकप्रिय गायक निवर्तला म्हणजे समाज त्याच्याविषयी जे बोलतो, ते त्या गायकाच्या चरित्राचे साधन म्हणून फारसे विश्वसनीय नसते. परंतु बोलणाऱ्या समाजाच्या इतिहासाचे साधन म्हणून ते मोलाचे असते. त्यातही तो गायक मद्याच्या आहारी गेलेला असेल, तर शोक आणि दूषण ही दोन्ही एकाच मुखातून, कित्येकदा एकाच वाक्यातून बाहेर पडतात. अशा वाक्यांची घडण कशी झाली, हे पाहणे हा भाषाभ्यासकाचा अधिकार आहे, असे मी समजतो.

प्रस्तुत लेखात अशा दोन मृत्यूंचा विचार करावयाचा आहे. पहिला मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचा. २४ एप्रिल १९४२ रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले, तेव्हा त्यांच्या वयाला ४१ वर्षे पूर्ण झाली होती. दुसरा कुंदनलाल सैगल यांचा. १८ जानेवारी १९४७ रोजी जालंधर येथे ते गेले, तेव्हा त्यांच्या वयाला ४२ वर्षे पूर्ण झाली होती. दोघांच्याही अकाली अंतामागे मद्याचा वाटा होता, ही गोष्ट त्यांच्या निकटवर्तीयांनीही लपविलेली नाही. तरीही महाराष्ट्रात या दोन मृत्यूंविषयी एकाच भाषेत बोलले गेले नाही. माझे प्रतिपादन असे की, दीनानाथांस आपण गडकऱ्यांच्या सुधाकराच्या मापाने मोजले आणि सैगलांस शरच्चंद्रांच्या देवदासाच्या मापाने. आणि या दोन्ही मापांत आजारी माणूस बसत नाही.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘व्यसन’ या संस्कृत शब्दाचा जुना अर्थ संकट, आपत्ती असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांविषयी आहे; तेथे राजा, अमात्य, कोश, सैन्य इत्यादींवर ओढवणाऱ्या आपत्तींस व्यसन म्हटले आहे आणि द्यूत व मद्यपान हे दोष त्याच नावाखाली येतात. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात कामापासून उद्भवणारी दहा व्यसने सांगितली आहेत. त्यांत मद आहे, त्याचप्रमाणे तौर्यत्रिक, म्हणजे नृत्य, गीत आणि वाद्य ही तीनही आहेत. गाणे हेच ज्या यादीत व्यसन म्हणून नोंदले गेले, त्या यादीचे वारसदार गायकाच्या दुसऱ्या व्यसनाकडे निःशंक मनाने पाहू शकले नाहीत, यात आश्चर्य नाही.

‘दारू’ हा शब्द फारसीतून आला. तेथे त्याचा अर्थ औषध. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ आजही जिवंत आहे. ‘दारूगोळा’ या शब्दात तोच शब्द स्फोटक द्रव्याचा वाचक होतो. ‘अंमल’ हा मूळ अरबी शब्द तर याहून बोलका आहे. मराठीत अंमल म्हणजे राज्यसत्ता, आणि अंमल म्हणजे नशाही. पेशव्यांचा अंमल आणि भांगेचा अंमल यांकरिता आपण एकच शब्द वापरतो. आपत्ती, औषध, स्फोटक आणि परसत्ता हे चारही अर्थ भाषेच्या पोटात साठलेले आहेत. ते एकत्र वाचले, तर आजचे वैद्यकशास्त्र मद्यासक्तीविषयी जे सांगते त्याच्या बरेच जवळ आपण पोहोचतो. परंतु प्रत्यक्ष बोलण्यात ‘व्यसन’ म्हणजे दुर्गुण एवढाच अर्थ उरला. हा अर्थसंकोच कसा घडला?

त्याचे एक मोठे कारण मराठी रंगभूमी होय. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी निवर्तले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने त्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांच्या सिंधूने प्रेक्षकांस रडविले आणि सुधाकराच्या अधःपाताने हादरविले. नाटकाचे नावच वाक्प्रचार बनले. पहिला प्याला घेणारा स्वतःच्या हाताने स्वतःचा नाश ओढवून घेतो, हा सिद्धांत घरोघरी पोहोचला. पण येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गडकऱ्यांचा सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो. सोडून तो प्रतिष्ठितांच्या दारी नोकरीसाठी जातो, तेथे त्याची अवहेलना होते, आणि मग तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. नाटककाराने समाजासही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते. प्रेक्षकांनी मात्र पहिला प्याला लक्षात ठेवला. सुटलेला आणि पुन्हा हाती आलेला प्याला विसरून टाकला.

याच गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’ने दीनानाथांस कीर्ती दिली, हा योगायोग विलक्षण आहे. गोव्यातील मंगेशी येथे जन्मलेल्या दीनानाथांनी १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासमवेत बळवंत संगीत मंडळी काढली. ‘भावबंधन’मधील त्यांची लतिका, ‘रणदुंदुभी’मधील त्यांची तेजस्वी पदे, सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ ही त्या मंडळीच्या वैभवाची साक्ष होय. पुढे बोलपट आला. १९३१ नंतर नाटक मंडळ्यांचा प्रेक्षक ओसरू लागला, मंडळीने स्वतः चित्रपटनिर्मितीत हात घातला, तो व्यवहार आतबट्ट्याचा ठरला आणि कर्ज वाढले. मद्य आणि आजार या पडझडीच्या सोबतच वाढत गेले. अखेरच्या दिवसांतील ओढगस्त आणि एकाकीपण कुटुंबीयांनी पुढे सांगितलेल्या आठवणींतून स्पष्ट दिसते.

या साऱ्याचे लोकभाषेत रूपांतर झाले ते एका वाक्यात : ‘दारूने घात केला.’ व्याकरणदृष्ट्या या वाक्यात कर्ता दारू आहे. बोलपटाने हिरावलेला प्रेक्षक, सावकार, पांगलेले सोबती यांपैकी कोणीही वाक्यात नाही. ‘आहारी गेला’ या प्रयोगात तर माणूस स्वतः चालत गेला असे सूचित होते. एका संपूर्ण व्यवसायाचा ऱ्हास एका माणसाच्या दुर्गुणात मावला. सुधाकराचे माप ते हेच.

आता सैगलांकडे वळू. रेल्वेत नोकरी आणि टंकलेखन यंत्रांची विक्री करून झाल्यावर हा जम्मूचा तरुण कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये गेला आणि १९३५ च्या हिंदी ‘देवदास’ने देशभर पोहोचला. पुढे तो मुंबईस आला. ‘तानसेन’ (१९४३) आणि ‘शाहजहान’ (१९४६) हे त्याच्या मुंबईच्या काळातील चित्रपट. शरच्चंद्रांची ‘देवदास’ ही कादंबरी १९१७ ची, म्हणजे ‘एकच प्याला’ची जवळजवळ समवयस्क. तिच्या अखेरीस लेखक देवदासाचा गौरव करीत नाही. कोणासही असे मरण येऊ नये, एवढीच प्रार्थना करावयास तो वाचकास सांगतो. तथापि पडद्यावरील देवदास आणि गाणारे सैगल हे प्रेक्षकांच्या मनात एकरूप झाले. म्हणून १९४७ मध्ये सैगल गेले तेव्हा जणू देवदासच दुसऱ्यांदा मेला. त्यांच्या मद्यपानास कोणी दुर्गुण म्हणेना. ते ‘दर्द’ ठरले. मद्याने तो कंठ संपविला, असे म्हणण्याऐवजी मद्यानेच तो कंठ घडविला, असे म्हटले जाऊ लागले.

या समजुतीविरुद्ध एक साक्ष उपलब्ध आहे. ‘शाहजहान’चे संगीतकार नौशाद यांनी पुढे अनेकदा सांगितलेली हकीकत अशी. सैगल पेयाचे घोट घेतल्याशिवाय ध्वनिमुद्रणास उभे राहत नसत. नौशादांनी एक गीत त्यांच्याकडून मद्य न घेता गाऊन घेतले आणि नंतर मद्य घेऊन. दोन्ही ऐकविल्यावर न पिता गायिलेले गीत सरस असल्याचे सैगलांनीच मान्य केले आणि तुम्ही आधी भेटावयास हवे होते, अशी खंत व्यक्त केली. ही हकीकत चित्रपटप्रेमींना तोंडपाठ आहे. तरीही ‘पिऊन गाणारा सैगल’ ही प्रतिमा तिने पुसली गेली नाही. ज्या पुराव्याने आख्यायिका मोडावयाची, तोच पुरावा आख्यायिकेचा अलंकार झाला.

दोन्ही मृत्यूंस जोडणारा एक दुवा लता मंगेशकर यांच्या आठवणींत आहे. दीनानाथांच्या घरी चित्रपटगीतांस मज्जाव होता. अपवाद सैगलांच्या गाण्यांचा. पित्याच्या मृत्यूनंतर वयाच्या तेराव्या वर्षी ज्या मुलीवर घराचा भार पडला, तिने पुढे स्वकमाईने रेडिओ विकत घेतला. तो लावताच सैगलांच्या निधनाची वार्ता कानी आली आणि तिने तो रेडिओ परत केला. या कृतीत दूषण नाही आणि गौरवीकरणही नाही. तिच्यात केवळ हानीची जाणीव आहे. सार्वजनिक प्रतिक्रियेत जे क्वचित आढळते, ते येथे एका कृतीत आढळते.

या विषयाकडे माझे लक्ष जाण्यास कारण झालेले गाव उल्हासनगर होय. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणजवळची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांस देण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. छावणीचे क्रमांक वस्तीची नावे बनले. शहाड स्थानकाकडील कॅम्प १ मधील एका बराकीत माझे बालपण गेले. या वसाहतीच्या दृष्टीने सैगलांच्या मृत्यूची तारीख अर्थपूर्ण आहे. ते गेले आणि सात महिन्यांनी देश दुभंगला. सिंधमधून आलेल्या माणसांच्या स्मृतीत तो आवाज गाव सुटण्यापूर्वीच्या अखेरच्या दिवसांचा आवाज होता. सिंधमधील हैदराबादेत जन्मलेले सी. एच. आत्मा सैगलांच्या धर्तीवर गात, आणि आपल्यातीलच एक सैगल म्हणून त्यांचा अभिमान बाळगला जाई. रेडिओ सिलोनचा सकाळचा जुन्या चित्रपटगीतांचा कार्यक्रम आठच्या सुमारास सैगलांच्या गीताने संपे, आणि बराकीतले घड्याळ त्यावर लावले जाई.

शेजारी एक शिंपीकाम करणारे गृहस्थ राहत. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू. त्या गीताबरोबर ते शिवणयंत्र थांबवीत आणि स्वतः गात. सायंकाळी ते पीत. १९८० नंतरच्या दशकात ते वारले, तेव्हा ओट्यावर जमलेल्या मंडळींत मी दोन वाक्ये ऐकली. एक : ‘शेवटपर्यंत सैगलच राहिले.’ दुसरे : ‘बाटलीने खाल्ले.’ देवदास आणि सुधाकर दोघेही त्या ओट्यावर हजर होते. तिसरे वाक्य काही दिवसांनी त्यांच्या पत्नीने माझ्या आईस सांगितले : “ताई, त्यांनी तीनदा सोडली होती. ते कुणी बोलत नाही.”

‘सोडली होती’ या पूर्ण भूतकाळी रूपात पुन्हा धरल्याची सूचना अंतर्भूत आहे. समाज त्या रूपातून अपयश वाचतो. पत्नीने त्यातून प्रयत्न वाचला. तीन वेळा सुटणे म्हणजे तीन वेळा कोणीतरी रात्र रात्र कंप सोसला, घामाने भिजला आणि सकाळी यंत्रावर बसला. त्याची नोंद ना निंदेत झाली, ना गौरवात.

राज्यसंस्थेची प्रतिक्रियाही याच मुशीतील होती. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ मध्ये संमत झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून प्रांतात संपूर्ण दारूबंदी अमलात आली. कायद्याने पिणाऱ्यास अपराधी ठरविले. आश्चर्य असे की, ज्या वर्षी सैगलांचा देवदास पडद्यावर आला, त्याच १९३५ मध्ये अमेरिकेत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही संघटना सुरू झाली होती. व्यसनी माणसांनी एकमेकांस आपली हकीकत सांगावी, हा तिचा पाया. १९५६ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेने मद्यासक्ती हा आजार असल्याचे मान्य केले. महाराष्ट्रात या दृष्टीस घरगुती भाषा मिळण्यास बराच काळ जावा लागला. १९८६ मध्ये पुण्यात अनिता व अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले आणि ‘व्यसनमुक्ती’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. तेथे पुन्हा घसरलेल्या माणसास परत घेतले जाते. म्हणजे ‘सोडली होती’ या रूपास तेथे अपयश मानले जात नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, आजार म्हटल्याने माणसाचे दायित्व संपते आणि घरच्यांनी सोसलेले हाल झाकले जातात. हा आक्षेप हलका नाही. सिंधूचे दुःख खरे होते आणि बराकीतल्या कैक सिंधूंचे दुःखही खरे होते. परंतु आजारी मनुष्यास उपचार घेण्याचे दायित्व असते, दुर्गुणी मनुष्यास केवळ शिक्षा असते आणि देवदासास तर काहीच नसते. तिन्हींपैकी कोणती भाषा घरच्यांच्या उपयोगी पडते, हे उघड आहे.

दरवर्षी २४ एप्रिलला दीनानाथांची पुण्यतिथी गौरवाने साजरी होते. सैगलांच्या स्मरणार्थ १९९५ मध्ये टपाल तिकीट निघाले. स्मरण झाले आहे. उरले आहे ते स्मरणाच्या भाषेचे काम. उल्हासनगरच्या बराकी पाडल्या जात आहेत आणि त्यांतील वृद्ध एकेक करून जात आहेत. मौखिक इतिहासाचे संकलन करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस म्हणून एक विनंती. अशा घरात गेल्यावर तो किती पीत असे, हे विचारू नये. ते सर्वांनी सांगून झालेले असते. त्याने किती वेळा सोडली होती, हे विचारावे, आणि उत्तर देणारीस बोलण्यास पुरेसा वेळ द्यावा.