धरण खेकड्यांनी फोडले नाही

२ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. खालची भेंदवाडी पाण्याखाली गेली आणि वीसहून अधिक माणसे मेली. भिंतीला गळती लागली आहे, हे गावकऱ्यांनी प्रशासनाला आधीच सांगितले होते. तरी काही दिवसांतच त्या वेळचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी धरणफुटीचे कारण जाहीर केले : खेकडे! राज्यभर त्याची थट्टा झाली, पण त्या थट्टेत खरा प्रश्न बुडाला.

खेकडे बिळे करतात हे खोटे नाही. घुशी आणि उंदीरही करतात. म्हणूनच तर मातीच्या धरणाला राखणदार लागतो! बुद्धाने कार्यकारणभाव शिकवला. बीळ हे कारण मानले, तर ते वर्षभर कोणाला का दिसले नाही, याचेही कारण शोधावे लागेल. ते शोधत गेलो की आपण खेकड्यापाशी थांबत नाही, व्यवस्थेपाशी पोहोचतो.

मातीची भिंत एका रात्रीत फुटलेली दिसते, पण ती पुष्कळदा आधीपासून कमकुवत होत असते. भिंतीवर बाभळी आणि झुडपे वाढतात. त्यांची मुळे कुजली की मातीत पोकळ वाटा राहतात. पाणी त्या वाटेने किंवा बिळातून शिरते आणि जाताना मातीचा कण कण सोबत नेते. थोडे स्वच्छ पाणी झिरपणे नेहमीचे असते. तेच पाणी गढूळ येऊ लागले, की भिंत आतून पोखरली जात आहे असे समजावे. दुसरा धोका सांडव्याचा. तो गाळाने, झुडपांनी किंवा जास्त पाणी साठावे म्हणून रचलेल्या वाळूच्या पोत्यांनी अडला, की पाणी भिंतीवरून वाहते आणि माती कापत नेते. हे सारे ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. रोज भिंतीवरून चालणारा माणूस लागतो.

हा माणूस इतिहासात होता. तमिळनाडूत त्याला नीरकट्टी म्हणत, कर्नाटकात नीरगंटी. तलावाची तूम उघडणे, शेतांना पाणी वाटणे, बांधावर नजर ठेवणे ही त्याची कामे. मोबदला म्हणून सुगीला धान्य मिळे. अनेक गावांत हे काम अस्पृश्य ठरवलेल्या जातींकडे होते. साऱ्या गावाचे पाणी ज्याच्या हाती, त्यालाच गावच्या विहिरीवर मज्जाव! ज्ञान त्याचे, जबाबदारी त्याची, पण मान नाही आणि मालकीही नाही. राखण हे हलके काम आणि ते हलक्या मानलेल्या माणसाने करायचे, हा संस्कार असा मुरला.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. सरकारने आपल्या फौजेतील आणि पोलिसांतील माणसे लावून ठिकठिकाणी ताली-बंधारे बांधावेत, पाणी जमिनीत मुरवावे, असे त्यांनी सुचवले. त्यांच्या लेखी बांध हे राज्याचे कर्तव्य होते, कोणा एका जातीच्या माथी मारायची वेठ नव्हती. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. पाण्याचा प्रश्न दयेवर नव्हे, तज्ज्ञांच्या कायम संस्थेवर सोपवायचा, ही ती दृष्टी.

प्रत्यक्षात काय झाले? विदर्भात १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि भंडारा, चंद्रपूर परिसरातील मालगुजारी तलाव सरकारकडे आले. मालगुजारी गेली याचे आम्हाला दुःख नाही, जायलाच हवी होती. पण तलाव ताब्यात घेणाऱ्या सरकारने त्यांची राखण ताब्यात घेतली नाही. कित्येक तलाव गाळाने भरले.

मग १९७२ चा दुष्काळ. सुकडी खाऊन, डोक्यावर पाट्या वाहून भूमिहीनांनी, त्यातही मोठ्या संख्येने बायांनी पाझर तलाव उभे केले. फायदा मात्र ज्यांच्या शेतात विहिरी होत्या त्यांना अधिक झाला. हजेरीपट बंद झाला तसा कामाचा हिशेबही मिटला. बांधण्याची मजुरी सरकारने मोजली, जपण्याची मजुरी कोणाच्या अंदाजपत्रकात होती?

२०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा आला. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, देखभालीसाठी स्वतंत्र पैसा, या चांगल्या तरतुदी त्यात आहेत. पण तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटरच्या धरणांना लांबी, साठा वगैरे अटी बसल्या तरच. त्याहून ठेंगणे गावतळे, पाझर तलाव कायद्याबाहेर. पाण्याखाली जाणाऱ्या झोपडीला भिंत नऊ मीटरची होती की सोळा, याने काय फरक पडतो?

धरणफुटीत मेलेल्यांची जात मोजण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. पाणी जात विचारत नाही. पण नाल्याकाठची सखल जागा कोणाच्या वाट्याला येते आणि राखणीचे काम आजही बिनपगारी का समजले जाते, हे विचारलेच पाहिजे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक लहान धरणाला नाव-गाव असलेला, प्रशिक्षण घेतलेला, पूर्ण पगाराचा राखणदार द्या आणि ते पद कोणत्याही जातीचे वतन होऊ देऊ नका. त्याची नोंदवही ग्रामपंचायतीत सर्वांसाठी उघडी ठेवा. झुडपे कधी काढली, सांडवा कधी साफ केला, पाणी स्वच्छ होते की गढूळ, हे तारखेसह लिहा. गळतीची तक्रार आली तर तिला लेखी उत्तर द्या आणि उत्तराखाली अधिकाऱ्याची सही असू द्या. तोवर, बांधवांनो, आपल्या वस्तीच्या वर एखादी मातीची भिंत असेल तर या पावसाळ्याआधी तिच्यावरून एकदा चालून या. जे दिसेल ते लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच हातात असली, की उद्या खेकड्याकडे बोट दाखवणे कोणालाही इतके सोपे जाणार नाही.