ओसरीची डागडुजी: पांढुर्णा आणि सौसर
1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतरही मध्य प्रदेशातच राहिलेल्या आणि 2023 मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झालेल्या पांढुर्णा-सौसर भागात जुन्या मातीच्या घरांची ओसरी, म्हणजे दारापुढची छपराखालची मोकळी बैठक, विदर्भाच्याच वळणाची होती. तिच्या डागडुजीला पैशापेक्षा हात अधिक लागत: पावसाळ्याआधी कवेलू, म्हणजे भाजक्या मातीची कौले, फेरून फुटकी तेवढी बदलत, आणि भिंतींचे पोपडे निघालेली जागा माती-भुशाने बुजवून वर चुना देत. जमीन शेणाने सारवताना बाई तळहाताची अर्धवर्तुळे एकमेकांवर चढवीत मागे सरके, ती थेट पायरीपर्यंत. सिमेंट आणि पत्रा आल्यावर ही मेहनत वाचली खरी, पण ओसरीतला दुपारचा गारवाही तिच्याबरोबरच गेला.